म्हाळसा आणि बाणाई

म्हाळसा आणि बाणाई या महाराष्ट्राचे लोकदैवत खंडोबा याच्या दोन प्रमुख पत्नी होत. म्हाळसा ही नेवासे येथील लिंगायत वाणी घराण्यातील कन्या, तर बाणाई ही धनगराची कन्या मानली जाते. बाणाईचे नाव बानाई, बाणू, बानू असेही उच्चारले जाते. म्हाळसा ही थोरली आणि बाणाई धाकटी असा त्यांचा क्रम असून दोघींमधील सवतीमत्सर हा खंडोबाच्या जागरणात गायिल्या जाणाऱ्या गीतांचा अत्यंत आवडता विषय आहे. देव एक आणि त्याच्या प्रेमावर हक्क सांगणाऱ्या स्त्रिया दोन, असे या कथेचे बाह्य रूप दिसते. तथापि वाणी आणि धनगर, गाव आणि रान, सोवळे आणि ओवळे यांच्यातील जुना ताण या भांडणातून बोलतो, याकडे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

कथेचा नायक

खंडोबाला मल्हारी, मार्तंड, मार्तंडभैरव, म्हाळसाकांत अशी नावे आहेत. कर्नाटकात तो मैलार या नावाने ओळखला जातो. मणि आणि मल्ल या दैत्यांचा वध हे त्याचे मुख्य चरित्र. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, या विजयाचा उत्सव होतो. वांग्याचे भरीत आणि रोडगा हा त्या दिवशीचा नैवेद्य. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी घरे त्या दिवसापासून ते पुन्हा खाऊ लागतात. संस्कृत ‘मल्लारि माहात्म्य’ या ग्रंथाचा भर युद्धकथेवर आहे. देवाच्या प्रपंचाची कथा मात्र पोथीपेक्षा वाघ्या-मुरळींच्या तोंडी अधिक वाढली आणि म्हणूनच तिला एकच एक ठरलेला पाठ नाही. पुढे दिलेल्या कथानकातील तपशील गावोगावी बदलतात.

म्हाळसा

म्हाळसा ही नेवासे (अहिल्यानगर जिल्हा) येथील तिमशेट वाण्याची मुलगी. ती पार्वतीचा अवतार मानली जाते. नेवाशात मोहिनीराजाचे प्रसिद्ध मंदिर आहे आणि म्हाळसेचा संबंध काही परंपरा मोहिनीशीही जोडतात. गोव्यातील म्हार्दोळ येथील म्हाळसा नारायणी हे देवस्थान याच मोहिनीरूपाचे आहे. तेथील देवी विष्णुरूप मानली जाते आणि तिची उपासना खंडोबाची पत्नी म्हणून होत नाही. नामसाम्यामुळे या दोन देवतांची गल्लत अनेकदा होते, ती टाळावी.

खंडोबा आणि म्हाळसा यांचा विवाह पाल (तालुका कराड, जिल्हा सातारा) येथे पौष पौर्णिमेला झाला, अशी श्रद्धा आहे. पालच्या पौषी यात्रेत हा विवाहसोहळा दरवर्षी साजरा होतो. हे लग्न सर्वांच्या साक्षीने, मुहूर्तावर आणि वडिलांनी कन्यादान करून झालेले आहे. गीतांतील म्हाळसेच्या बोलण्यात जो अधिकार दिसतो, त्याचा उगम येथे आहे.

देवाचे ‘म्हाळसाकांत’ हे नाव याच पत्नीवरून पडले. ‘म्हाळसापती’ हे नाव पुरुषांना ठेवले जात असे. स्त्रियांत म्हाळसाबाई हे नाव रूढ होते. जिजाबाईंच्या मातोश्रींचे नाव म्हाळसाबाई होते. चित्रांत आणि देव्हाऱ्यातील टाकांवर घोड्यावर देवासोबत बसलेली दिसते तीही बहुधा म्हाळसाच. खाली दैत्य, बाजूला कुत्रा आणि घोड्यावर पतिपत्नी, हे चित्र मराठी घरांत इतके परिचित आहे की दुसऱ्या पत्नीची जागा त्यात कोठे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही.

बाणाई

बाणाईच्या जन्माविषयी एकमत नाही. ती इंद्राची कन्या असून धनगराच्या घरी वाढली, असे एक कथन आहे. तिला गंगेचे रूप मानणारेही आहेत. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळचे चंदनपुरी हे तिचे गाव समजले जाते आणि तेथे खंडोबाचे मोठे ठाणे आहे.

तिच्या प्राप्तीची कथा म्हाळसेच्या विवाहकथेहून सर्वस्वी वेगळ्या चालीची आहे. खंडोबाचे मन बाणाईवर जडते. घरातून उघडपणे जाणे शक्य नसते. म्हणून तो म्हाळसेबरोबर सारीपाटाचा डाव मांडतो आणि पणात हरून स्वतःवर वनवास ओढवून घेतो. पुढे वेषांतर करून तो बाणाईच्या वडिलांच्या वाड्यावर चाकरीला राहतो आणि मेंढरे राखतो. देवाला घोंगडी पांघरून, काठी हाती घेऊन परक्याचे हुकूम झेलावे लागतात. गीतांत हा भाग रंगवून सांगितला जातो आणि श्रोते त्यावर मनमुराद हसतात. शेवटी हा चाकर सगळी मेंढरे मारून टाकतो आणि मुलगी दिली तरच ती जिवंत करीन, अशी अट घालतो. धनगराचे सारे धन म्हणजे त्याचा कळप. त्याला दुसरा मार्ग उरत नाही. मेंढरे उठतात आणि लग्न लागते. हा विवाह काही जण नळदुर्गशी, तर काही जण पालशी जोडतात.

ही कथा प्रेमकथा म्हणून गायिली जात असली, तरी तिच्या गाभ्यात सक्ती आहे हे नाकारता येत नाही. मुलीच्या संमतीचा प्रश्न गीतांत फारसा येत नाही. अडवणूक होते ती बापाची. देवाची लीला म्हणून हा प्रसंग खपून जातो. चाकर म्हणून आलेल्या माणसाचे खरे रूप उघड होताच धनगरवाड्यावर आनंदीआनंद होतो आणि गाणे पुढे सरकते.

गडाची वाटणी

नवी बायको घेऊन देव जेजुरीला परततो तेव्हा म्हाळसेचा संताप अनावर होतो. दोघींना एका छताखाली ठेवणे अशक्य झाल्यावर देव गडाची वाटणी करतो. वरचा अर्धा भाग म्हाळसेला आणि खालचा अर्धा बाणाईला. जेजुरीच्या (तालुका पुरंदर) गडावर ही वाटणी आजही डोळ्यांनी पाहता येते. म्हाळसा वर मुख्य मंदिरात खंडोबाच्या शेजारी आहे; बाणाईचे स्वतंत्र देऊळ पायऱ्यांच्या वाटेवर, गडाच्या मध्यावर आहे.

या रचनेचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. मानाच्या दृष्टीने पाहिले तर म्हाळसा वर आणि बाणाई खाली, हा क्रम उघड आहे. परंतु गड चढणाऱ्या भाविकाला आधी भेटते ती बाणाई. तिला भंडारा वाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मानणारे भक्त पुष्कळ आहेत. उतरतानाही तिच्यावरूनच जावे लागते.

जागरणातील वाद

खंडोबा ज्यांचा कुलस्वामी आहे अशा घरांत लग्नानंतर किंवा नवस फेडण्यासाठी रात्रभर जागरण घालतात. चौक भरून देवाची मांडणी करतात, तळी उचलतात आणि वाघ्या-मुरळी दिमडी, तुणतुणे व घंटी यांच्या साथीवर देवाची गाणी म्हणतात. पहाटेच्या सुमारास लंगर तोडण्याचा विधी होतो. मधल्या रात्रीत श्रोत्यांना पेंग येऊ लागली की बाणाई-म्हाळसेचे भांडण काढले जाते, असा अनेक ठिकाणचा परिपाठ आहे. मांडवातल्या बायका त्या वेळी हमखास जाग्या होतात.

भांडणाचा साचा ठरलेला असतो. म्हाळसा बाणाईच्या जातीवर, अंगाला येणाऱ्या मेंढरांच्या वासावर, तिच्या राहणीवर आणि खाण्यापिण्यावर बोट ठेवते. अशा बाईमुळे माझे घर बाटेल, हा तिचा मुख्य आक्षेप. तिला नीट रांधता येत नाही, हा दुसरा. बाणाई ऐकून घेणाऱ्यांतली नाही. मी तुमच्या दारी आले नव्हते, तुमचा धनी माझ्या दारी चाकरीला आला होता, या आशयाचे तिचे उत्तर असते आणि त्यावर म्हाळसेकडे फारसे प्रत्युत्तर नसते. मधल्या मध्ये देवाची जी तारांबळ उडते ती श्रोत्यांना सर्वाधिक आवडते. मणि-मल्लांना लोळवणारा हा वीर दोन बायकांपुढे मान खाली घालून उभा राहतो.

हा विनोद ऐकणाऱ्या स्त्रियांसाठी तो निव्वळ विनोद नव्हता. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना १९४६ च्या कायद्याने बंदी आली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. त्यापूर्वी मूल नाही, मुलगा नाही किंवा नुसतेच मन उडाले म्हणून दुसरी बायको करणे हे कुणबी घरापासून सरदारांच्या वाड्यापर्यंत सर्वत्र घडत होते. सवत ही घरात वावरणारी खरी व्यक्ती होती. जी गोष्ट सुनेला सासरी मोठ्याने बोलता येत नव्हती, ती म्हाळसेच्या तोंडून चार लोकांत बोलली जाई. आणि धाकटी म्हणून आलेल्या मुलीची बाजूही त्याच मांडवात बाणाईच्या तोंडून ऐकू येई.

दोघींची तुलना

म्हाळसा स्वयंपाकात निपुण, आचाराला पक्की, घर राखणारी आणि मानी आहे. तिचे बोलणे धारदार असले तरी तिचा पक्ष न्यायाचा आहे. पणाचा डाव लबाडीने हरून नवरा निघून गेला, ही तिची तक्रार खोटी नाही. बाणाई मोकळी, धीट आणि कष्टाळू आहे. तिला रीतिरिवाजांचे ओझे वाटत नाही आणि मोठ्या घराचा धाकही वाटत नाही. म्हाळसेचा नैवेद्य शाकाहारी. बाणाईच्या बाजूने मात्र मेंढराच्या नैवेद्याला वाव आहे. जेजुरीच्या मुख्य मंदिरात पुरणपोळी आणि भरीत-रोडगा चालतो, मांसाचा नैवेद्य मंदिराबाहेर होतो. देवाच्या ताटाची ही विभागणी गडाच्या वाटणीशी जुळणारी आहे.

आणखी एक फरक सहसा सांगितला जात नाही. म्हाळसेला जो वर मिळाला तो ऐश्वर्यासह मिळाला. बाणाईने आधी पाहिला तो चाकर. देवाचे कोणते रूप कोणाच्या वाट्याला आले, हे लक्षात घेतले तर बाणाईच्या बोलण्यातील सलगी आणि म्हाळसेच्या बोलण्यातील अधिकार या दोहोंचा उलगडा होतो. कोण श्रेष्ठ, याचा निवाडा गाण्यांत होत नाही. वाघ्या ज्या घरी जागरण घालतो त्या घराच्या जातीप्रमाणे पारडे थोडेफार इकडेतिकडे झुकवतो, इतकेच.

इतर पत्नी आणि मुरळी

खंडोबाच्या आणखी तीन पत्नी सांगितल्या जातात. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चांदाई भागवीण. चांदाई ही तेलीण मानली जाते. मुसलमान भक्त तिला आपल्यातली समजतात. या तिघींची गीते थोडी असून म्हाळसा-बाणाईंच्या वादात त्यांना स्थान नाही.

देवाला वाहिलेल्या मुरळींनाही देवाच्या पत्नी समजले जाई. नवसापोटी लहान मुली खंडोबाला वाहण्याच्या या प्रथेने अनेक स्त्रियांच्या आयुष्याची परवड केली. त्यांत दलित कुटुंबांतील मुलींची संख्या मोठी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी या प्रथेविरुद्ध चळवळ केली. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुली देवाला वाहणे बेकायदा ठरले. आज जागरणात गाणारी मुरळी बहुधा कलावंत असते. बाणाईच्या कथेतील गोडवा सांगताना हा इतिहास वगळणे योग्य होणार नाही, कारण ‘देवाची बायको’ होण्याचा अर्थ गाण्यात एक आणि प्रत्यक्षात दुसरा होता.

अभ्यासकांची मते

रा. चिं. ढेरे (१९३०–२०१६) यांचा ‘खंडोबा’ हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत या दैवताचा साक्षेपी अभ्यास त्यापासून रूढ झाला असे म्हणता येईल. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनी पुण्यात राहून आणि धनगरांबरोबर हिंडून पश्चिम भारतातील पशुपालकांच्या दैवतांचा अभ्यास केला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आला आणि १९८९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. त्यांच्या विवेचनात वन आणि क्षेत्र, म्हणजे रान आणि लागवडीखालचा वसलेला प्रदेश, या दोन जगांची कल्पना मध्यवर्ती आहे. म्हाळसा ही क्षेत्राची, बाणाई ही वनाची आणि खंडोबा हा दोहोंत वावरणारा राजा, असे या दृष्टीने म्हणता येते.

सामाजिक अंगाने पाहिल्यास देवाचा प्रत्येक विवाह ही एक सोयरीक आहे. वाणी, धनगर, शिंपी, माळी, तेली या सर्वांना खंडोबा आपला जावई वाटतो. जावयाच्या घरी हक्काने जाता येते, त्याच्यावर रुसता येते आणि त्याची थट्टाही करता येते. जागरणातील मोकळेपणाचे एक कारण हे असावे. इंदूरच्या होळकर घराण्याचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) हे धनगर समाजातील. खंडोबा हे त्यांचे दैवत. जेजुरी गडाच्या बांधकामांत होळकरांचा मोठा वाटा आहे. धनगराची मुलगी देवाच्या घरात नांदते, ही कथा त्या काळात नव्या मानाने ऐकली गेली असल्यास नवल नाही.

शिरूर-दौंड परिसरात

शिरूर तालुक्यातील न्हावरे आणि भीमेपलीकडचा दौंड तालुका हा पूर्वी कोरडवाहू शेतीचा आणि मेंढपाळीचा प्रदेश होता. कालव्यांच्या पाण्याने ऊस आला, न्हावरे येथे घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि रानांचे रूप पालटले. तरीही उसाच्या तुटलेल्या फडांतून आणि पडीक माळांवरून धनगरांचे वाडे अजून फिरताना दिसतात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतो. पीक मेंढरांनी खाल्ले म्हणून याच दोघांत हातघाईही होते. एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांशी पटतही नाही, अशी ही व्यवस्था. ती ज्याने पाहिली आहे त्याला जेजुरीच्या गडावरील वाटणी समजावून सांगावी लागत नाही.

न्हावऱ्याहून जेजुरीला जाणारे भाविक चौफुला, सुपे, मोरगाव या मार्गाने जातात. नवपरिणीत जोडपे बरोबर असले की नवऱ्याने नवरीला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढण्याची रीत पाळली जाते. खेड तालुक्यातील निमगाव, आंबेगाव तालुक्यातील धामणी आणि शेजारच्या पारनेर तालुक्यातील कोरठण ही खंडोबाची ठाणीही या भागातील लोकांच्या नेहमीच्या यात्रेची आहेत.

अन्य परंपरांतील साम्ये

दोन पत्नी, एक प्रतिष्ठित घरातील आणि दुसरी रानातील, ही योजना दक्षिणेत इतरत्रही आढळते. तेलंगणातील कोमुरवेल्ली मल्लन्ना याच्या पत्नी बलिज समाजातील मेडलम्मा आणि गोल्ल या पशुपालक समाजातील केतम्मा. तमिळ परंपरेतील मुरुगनची एक पत्नी देवसेना ही इंद्रकन्या आहे, तर दुसरी वळ्ळी ही शिकाऱ्यांच्या घरी वाढलेली. मुरुगनही वळ्ळीकडे म्हाताऱ्याच्या वेषात जातो. पंढरपुरात रुक्मिणीचे देऊळ विठ्ठलापासून वेगळे आहे आणि राधेमुळे ती रुसून दिंडीरवनात गेली, अशी कथा त्यासाठी सांगितली जाते.

आधुनिक काळात या आकृतिबंधाचे दूरचे नाते अमेरिकी चित्रकथांतील महानायकांशी लावता येते. सुपरमॅन १९३८ मध्ये अवतरला आणि त्याच अंकात वार्ताहर लोइस लेन आली. बालपणीच्या गावची लाना लँग १९५० मध्ये दाखल झाली आणि पुढे कितीतरी वर्षे या दोघींच्या चढाओढीवर अंक निघत राहिले. एक शहरातली, दुसरी गावाकडची. सुपरमॅनही साध्या नोकरदाराच्या वेषात वावरतो. लोइसला मात्र दीर्घकाळ आवडतो तो महानायक. शेजारच्या मेजावरचा क्लार्क केंट तिच्या खिजगणतीत नसतो. बाणाईच्या कथेत देव आधी चाकर म्हणून वाड्यावर राहतो आणि मग देव ठरतो. चित्रकथेच्या प्रकाशकांनी सुपरमॅन आणि लोइस यांचे लग्न १९९६ मध्ये लावून वाद निकालात काढला. खंडोबाच्या भक्तांनी तसा निकाल कधी मागितला नाही.

दूरचित्रवाणीवर

झी मराठी वाहिनीवर मे २०१४ ते एप्रिल २०१७ या काळात ‘जय मल्हार’ ही मालिका प्रसारित झाली. निर्मिती महेश कोठारे यांची होती. देवदत्त नागे यांनी खंडोबाची, सुरभी हांडे यांनी म्हाळसेची आणि ईशा केसकर यांनी बाणाईची भूमिका केली. मालिकेने कथेला एकसंध, सुसंस्कृत रूप दिले. दोघी पत्नी भरजरी वस्त्रांत वावरू लागल्या. जागरणातील बाणाईची रांगडी वाणी आणि तिच्या घोंगडीचा वास या रूपांतरात बराचसा हरवला, परंतु खंडोबा ज्यांच्या कुळाचा देव नाही अशा शहरी घरांतही तिचे नाव या मालिकेमुळे पोहोचले. जेजुरीला प्रथमच जाणारे कित्येक जण आता पायऱ्यांच्या मध्यावर थांबून तिचे देऊळ कोणते, असे आवर्जून विचारतात.